गेलिक फुटबॉल: कॉलर ताठ करायचा हक्क केरीचा की डब्लिनचा?

लिफीकाठची
माझं मत आधीच सांगून टाकते. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये आजच्या घडीला मिरवायचा हक्क डब्लिन काउंटीचा आहे, केरीचा नाही.

२०२५ ची फायनल केरीने जिंकल्यापासून आमच्या ऑफिसातल्या केरीवाल्यांच्या तोंडी एकच आकडा आहे: ३९. केरीचे ३९ ऑल-आयर्लंड (म्हणजे काउंट्यांच्या देशव्यापी स्पर्धेचे) किताब, डब्लिनचे ३१, विषय संपला म्हणे. मला हे पटत नाही. त्यातले कितीतरी किताब त्या काळातले आहेत जेव्हा अर्ध्या काउंट्यांना धड संघ उभा करता येत नव्हता. डब्लिनने २०१५ ते २०२० सलग सहा वेळा ऑल-आयर्लंडचा सॅम मॅग्वायर चषक उचलला. सलग सहा! केरीला हे कधीच जमलं नाही. १९८२ मध्ये ते सलग पाचव्याच्या उंबरठ्यावर होते, तर ऑफलीच्या शेमस डार्बीने शेवटच्या काही मिनिटांत गोल मारून एका पॉइंटने घरी पाठवलं. स्टीफन क्लक्स्टन, मायकल फिट्झसिमन्स आणि जेम्स मॅकार्थी या तिघा डब्लिनकरांकडे प्रत्येकी नऊ पदकं आहेत. एवढी दुसऱ्या कोणाकडेही नाहीत.

मी डब्लिनात राहते, माझी मुलं इथल्याच क्लबात शनिवारी सकाळी खेळतात, म्हणून मी निळ्या जर्सीची. तुम्ही कुठल्या काउंटीत आहात, कोणाच्या बाजूचे आणि का, ते लिहा. भांडलात तरी चालेल.

किलार्नीकर
ताई, भांडायला बोलावलंच आहे तर आलो.

सलग सहा मान्य. पण केरीची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, डब्लिनची साडेचौदा लाखांच्या. दहापट माणसं, वर उपांत्य फेरीपासून सगळं डब्लिनमधल्या क्रोक पार्क मैदानात, म्हणजे तुमच्याच अंगणात. आमच्या माणसांना फायनलला जायचं तर पहाटे उठून अख्खं आयर्लंड आडवं कापावं लागतं.

आणि जुन्या काळाचं म्हणाल तर १९७० नंतर बघा ना. मिक ओ'ड्वायरच्या संघाने १९७५ ते १९८६ मध्ये आठ किताब घेतले. डब्लिनचा केव्हिन हेफर्नन आणि आमचा ओ'ड्वायर यांच्यातल्या त्या चढाओढीनेच या खेळाला शहरात माणूस मिळवून दिला. १९७४, ७६, ७७ तुमचे, मग ७८ ते ८१ सलग चार आमचे. हेफर्ननच्या संघाला पुरून उरलेला संघ होता तो.

डेव्हिड क्लिफर्ड फॉसाचा. किलार्नीच्या बाहेरचं एवढंसं गाव. पोरगा शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी ८२ हजारांच्या मैदानात खेळतो. पगार शून्य. मी मिरवतो ते हे.

नवखा_पुणेकर
मी जूनमध्ये आलो, कंपनीने नासला घर दिलंय. टीव्हीवर बघतो पण स्कोअर कळत नाही. १-२६ विरुद्ध ०-१९ म्हणजे नक्की काय? आणि काउंटी बदलता येत नाही का? चांगल्या खेळाडूला दुसऱ्या काउंटीने विकत घेतलं असं होत नाही?

क्रीडाकीडा
@नवखा_पुणेकर, आधी स्कोअर. एक गोल म्हणजे तीन पॉइंट. आडव्या दांड्याखालून जाळ्यात मारला तर गोल, दांड्यावरून दोन उभ्या खांबांमधून गेला तर एक पॉइंट. १-२६ म्हणजे एक गोल आणि २६ पॉइंट, एकूण २९. केरीने डॉनिगॉलला २९ विरुद्ध १९ असं हरवलं. २०२५ पासून नवे नियम आलेत: गोलपासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन मिळतात, आणि प्रत्येक संघाने किमान तीन खेळाडू समोरच्याच्या अर्ध्यात ठेवायचे असतात. त्याआधी पंधराच्या पंधरा खेळाडू आपल्या गोलसमोर गर्दी करून उभे राहायचे, बघवत नव्हतं. नियम ठरवणाऱ्या समितीचा प्रमुख जिम गॅव्हिन, डब्लिनच्या सलग सहापैकी पहिल्या पाचांचा मॅनेजर.

चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही. मग एकतर जमिनीवर एक टप्पा, नाहीतर सोलो: चेंडू पायावर सोडायचा आणि पायाच्या बोटांनी हलकेच उचलून परत हातात घ्यायचा. धावता धावता. एकदा अंगणात करून बघा, चेंडू शेजाऱ्याच्या कुंपणात जातो.

विकत घेणं वगैरे नाही. इथे कोणालाच पगार नाही. तुम्ही ज्या क्लबात वाढलात त्या क्लबाची काउंटी ती तुमची काउंटी. शहरात नोकरीला गेलेला पोरगा शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून प्रॅक्टिसला गावी जातो. म्हणून तर एवढी धार आहे.

पेठेतला_गोलकीपर
मी कोल्हापूरचा, आता लिमरिकात. वरचं वाचून अंगावर काटा आला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की आमच्या घरात दोन दिवस जेवणावर लक्ष नसायचं. वडील खंडोबावाले, मामा दिलबहारवाले, बोलणं बंद. तालमीचं नाव म्हणजे पेठेचं नाव. आता तिथेही बाहेरून खेळाडू आणतात. इथे अजून आणत नाहीत, म्हणून मला हे जास्त आपलं वाटतं.

लिमरिक हर्लिंगवालं, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळाचं. फुटबॉलबद्दल बोललं की लोक चहा घ्यायला उठतात.

लिफीकाठची
@किलार्नीकर, लोकसंख्येचा मुद्दा प्रत्येक वेळी येतो, म्हणून एकदाच उत्तर देते. १९९५ ला डब्लिन जिंकलं, त्यानंतर थेट २०११. मधली पंधरा वर्षं आमची लोकसंख्या काय कमी होती? २००९ ला तुम्हीच आम्हाला सतरा पॉइंटनी झोपवलंत. तेव्हा कोणी म्हणालं नाही की डब्लिन फार मोठं आहे. जिंकायला लागलो तेव्हा माणसं मोजायला लागले.

आणि २०११ च्या फायनलला शेवटचा फ्री-किक मारायला गोलकीपर क्लक्स्टन अख्खं मैदान चालत पुढे आला. स्कोअर बरोबरीत, समोर केरी. त्याने मारला, एका पॉइंटने जिंकलो, आणि तो तसाच चालत निघून गेला. हे पैशाने येत नाही.

किलार्नीकर
तो मारला हे खरं. पण क्लक्स्टनसारखे पन्नास तयार व्हायला प्रशिक्षक लागतात, आणि २००० नंतर डब्लिनला खेळाच्या विकासासाठी जो निधी मिळत गेला तेवढा दुसऱ्या काउंटीला मिळाला नाही. हे मी नाही, अख्खं आयर्लंड म्हणतं. लीट्रिममध्ये सगळी मिळून ३५ हजार माणसं. तिथे पगारी प्रशिक्षक ठेवायचा कोणी आणि कसा?

२०२२ च्या सेमीफायनलबद्दल मात्र ताई काही बोलल्या नाहीत. स्कोअर बरोबरीत, वेळ संपलेली, शॉन ओ'शेने पन्नास मीटरहून लांबून, वाऱ्याच्या विरुद्ध, हिल सिक्सटीनच्या, म्हणजे डब्लिनवाल्यांच्या स्टँडच्या दिशेने फ्री-किक मारला. निळ्या गर्दीच्या तोंडावर.

कॉर्ककर
दोघं भांडा, आम्ही बघतो. :)

कॉर्कमध्ये केरी हरलं की दिवस चांगला जातो. नोव्हेंबर २०२०, करोनामुळे रिकामं स्टेडियम, जादा वेळेचा शेवटचा क्षण, केरी एका पॉइंटने पुढे. उंच उडालेला चेंडू मार्क कीनच्या हातात पडला आणि गोल. रिकाम्या मैदानात आमच्या खेळाडूंच्या आरोळ्या टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होत्या. मी सोफ्यावरून उडी मारली, खालच्या मजल्यावरचे वर आले.

किलार्नीकर
आणि पुढच्या सामन्यात टिपररीकडून हरलात ते?

कॉर्ककर
त्याचं काही नाही. केरीला हरवलं ना.

क्रीडाकीडा
टिपररीचा विषय निघालाच आहे तर ते वर्ष विसरता येत नाही. २१ नोव्हेंबर १९२० ला क्रोक पार्कात डब्लिन विरुद्ध टिपररी सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. चौदा माणसं गेली, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन. क्रोक पार्कचा होगन स्टँड त्याच्याच नावाचा. शंभर वर्षांनी, त्याच आठवड्यात, टिपररीने मन्स्टर प्रांताची स्पर्धा जिंकली. त्याच दिवशी कॅव्हनने अल्स्टर जिंकलं. त्यामुळे २०२० चे चार प्रांतविजेते झाले डब्लिन, टिपररी, मेयो, कॅव्हन. १९२० चे चारही तेच. कोणी ठरवून केलं असतं तरी जमलं नसतं.

सिस्टर_कासलबार
मी मेयोत नर्स आहे. धागा सुरू झाल्यापासून वाचतेय की आमचं नाव कधी येतंय.

तुम्ही ३९ आणि ३१ वरून भांडताय. मेयोचे तीन: १९३६, १९५० आणि १९५१. त्यानंतर एकही नाही. १९८९ पासून अकरा फायनल हरले. इथली म्हातारी माणसं एक गोष्ट सांगतात: १९५१ ला चषक घेऊन संघ परत येताना फॉक्सफर्डला एक अंत्ययात्रा चालली होती, हे लोक ट्रकवरून गात-नाचत तसेच पुढे गेले, तेव्हा पाद्र्याने शाप दिला की या संघातला एकजण जरी जिवंत असेल तोवर मेयोला चषक मिळणार नाही. त्या संघातले शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरात गेले. चषक अजून आलेला नाही, आणि शापावर विश्वास नसलेले लोकही चारचौघांत त्याबद्दल जपून बोलतात.

२०१६ ची फायनल डब्लिनशी. मेयोच्याच खेळाडूंकडून दोन चेंडू आपल्याच जाळ्यात गेले, तरीही बरोबरी केली! पुन्हा सामना झाला, एका पॉइंटने हरले. २०१७ ला परत डब्लिन, परत एक पॉइंट. डीन रॉक शेवटचा फ्री-किक मारायला धावला तेव्हा आमच्या ली कीगनने अंगावरचं जीपीएस यंत्र काढून त्याच्याकडे भिरकावलं. चुकीचंच ते. पण दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात एकही माणूस त्याला वाईट म्हणाला नाही.

दर वर्षी मे महिन्यात रस्त्यावर हिरवे-लाल झेंडे लागतात, गवताच्या गठ्ठ्यांवर "मेयो फॉर सॅम" रंगवतात. कोणी शेतकरी मेंढ्याही रंगवतो. हरणाऱ्या संघासाठी एवढं करणारे लोक मी दुसरे पाहिले नाहीत. मिरवायचा हक्क म्हणाल तर २०२१ च्या सेमीफायनलला जादा वेळेत डब्लिनला हरवलं तेव्हा त्यांची ४५ चॅम्पियनशिप सामन्यांची न हरण्याची मालिका कोणी तोडली? आम्ही. ना केरीने, ना कोणी दुसऱ्याने.

लिफीकाठची
सिस्टर, मेयोबद्दल मला एक शब्दही वाईट बोलता येत नाही. त्या दोन फायनल आम्ही जिंकलो, पण सर्वांत चांगला खेळ तुमच्याविरुद्धच झाला. केरीविरुद्ध नव्हे.

किलार्नीकर
याला म्हणतात एका दगडात दोन पक्षी.

न्यूरीकर
उत्तरेची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो.

न्यूरी शहराच्या मधून क्लॅनराय नदी जाते. पूर्वेकडे डाउन काउंटी, पश्चिमेकडे आर्मा. पूल ओलांडला की झेंड्याचा रंग बदलतो, एकीकडे लाल-काळा, दुसरीकडे केशरी. डाउनवाले सांगतात की १९६० ला सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये, चषक आणणारे पहिले आम्ही, आणि आमचे पाच. आर्मावाले सांगतात की आमचे दोन, पण शेवटचा २०२४ चा.

ते २०२४ चं वर्ष ऐका. आर्मा अल्स्टर प्रांताची फायनल पेनल्टीवर हरलं. त्याच्या आदल्या वर्षीही अल्स्टरची फायनल पेनल्टीवरच हरलं होतं. लोक म्हणायला लागले की किअरन मॅकगीनीला काढा, दहा वर्षं झाली, काही हाती लागलं नाही. आणि जुलैत त्याच माणसाच्या संघाने सेमीफायनलला केरीला आणि फायनलला गॉलवेला हरवून सॅम आणला. २००२ ला खेळाडू म्हणून कॅप्टन, २०२४ ला मॅनेजर. त्या रात्री सीमेवरच्या गावांमधून गाड्यांचे हॉर्न पहाटेपर्यंत ऐकू येत होते.

दक्षिणेकडच्या मंडळींना वाटतं सगळं डब्लिन-केरीभोवती फिरतं. २००३, २००५, २००८ ही तीन वर्षं आठवा. तिन्ही वेळा टिरोनने केरीला घरी पाठवलं आणि तिन्ही वेळा चषक नेला. केरीत अजून त्याची कळ आहे. किलार्नीकरांनी नाकारून दाखवावं.

किलार्नीकर
नाकारत नाही. पुढे चला.

रुईस्लिपकर
लंडनहून हजेरी. आमचा लंडनचा संघ आयर्लंडच्या कॉनॅक्ट प्रांताच्या स्पर्धेत खेळतो, हे भारतातल्या मित्रांना सांगितलं की खोटं वाटतं. रुईस्लिपच्या मैदानावर मेयो किंवा गॉलवे आलं की आयर्लंडमध्ये वाढलेले म्हातारे, काउंटी कोणतीही असो, सगळे एकत्र बसतात आणि एकमेकांच्या काउंटीला नावं ठेवतात.

ब्राँक्स_वहिनी
मग न्यूयॉर्कचंही लिहा! आमचाही संघ कॉनॅक्टमध्येच. १९९९ पासून दर वर्षी खेळायचे आणि हरायचे. २०२३ ला गेलिक पार्कात लीट्रिमला पेनल्टीवर हरवलं, पहिला विजय. आमचे शेजारी लीट्रिमचे आणि त्यांचा मुलगा न्यूयॉर्कच्या बाजूचा. त्या घरात त्या संध्याकाळी कोण हसलं आणि कोण रुसलं ते विचारू नका.

नवखा_पुणेकर
हे सगळं वाचून मूळ प्रश्न राहिलाच. मग जिंकलं कोण, केरी की डब्लिन?

ड्रॉहेडाकर
माझ्या मते प्रश्नच चुकीच्या दोन काउंट्यांबद्दल विचारलाय.

केरी आणि डब्लिनमध्ये तीनशे किलोमीटर आहेत. वर्षातून एखाद वेळी गाठ पडली तर पडली. ज्याला मिरवणं म्हणतात ते शेजाऱ्यापुढे असतं, ज्याचं तोंड सोमवारी सकाळी दुकानात, शाळेच्या फाटकाशी, पेट्रोल पंपावर बघायचं असतं. मी लाउथमध्ये राहतो, आयर्लंडमधली सर्वांत छोटी काउंटी. ड्रॉहेडाच्या टोकाला मीथ सुरू होतं. गाडीच्या नंबरवरची अक्षरं बघून लोक इथे कोण आपला आणि कोण परका ते ठरवतात, आणि आमच्या रस्त्यावर दोन्ही नंबर सारखेच दिसतात.

२०१० ला लेन्स्टर प्रांताच्या फायनलला लाउथ एका पॉइंटने पुढे होतं, वेळ संपलेली. मीथच्या खेळाडूने नियम मोडून चेंडू हाताने गोलरेषेपलीकडे नेला. अख्ख्या स्टेडियमने पाहिलं. रेफरीने गोल दिला. लाउथ १९५७ नंतर पहिल्यांदा लेन्स्टर जिंकणार होतं, ते हातातून गेलं. सामना परत खेळवला नाही. त्यानंतर डब्लिनने २०११ पासून सलग चौदा वर्षं लेन्स्टर कोणाला मिळूच दिलं नाही. मी २०१४ ला इथे आलो, तेव्हाही न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की त्या गोलाचीच गोष्ट.

२०२५ ला मीथने पोर्टलीशला डब्लिनला सेमीफायनलमध्ये हरवलं. दुसऱ्या बाजूने लाउथ वर आलं. म्हणजे फायनल लाउथ विरुद्ध मीथ, क्रोक पार्कात, ६५ हजारांहून जास्त लोक. लाउथ ३-१४, मीथ १-१८. दोन पॉइंटनी जिंकलो! ६८ वर्षांनी. आमच्या गल्लीतले ऐंशी पार केलेले एक आजोबा, १९५७ ला पोरवयात तिथे हजर असलेले, परत येताना बसमध्ये काही बोललेच नाहीत, फक्त खिडकीतून जाणाऱ्या मीथच्या गाड्यांना हात करत होते.

चषक नाही मिळाला. ऑल-आयर्लंडमध्ये पुढे फार गेलो नाही. पण त्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये लाउथपेक्षा ताठ मानेने कोणी फिरत नव्हतं, केरीसुद्धा नाही.

लिफीकाठची
हे वाचून मी थोडा वेळ काही लिहिलंच नाही. पण एक सांगू? तुमचा त्या वेळचा मॅनेजर गेर ब्रेनन डब्लिनचा. २०११ आणि २०१३ च्या आमच्या संघातला. :) अर्धा हक्क आमचा.

आणि शेजारी म्हणाल तर मलाही मीथच टोचतं, केरी नाही. १९९१ ला डब्लिन आणि मीथ यांचा पहिल्याच फेरीचा सामना चार वेळा खेळवावा लागला होता. चारही मिळून दोन लाखांवर लोक आले. शेवटी मीथच जिंकलं. आमच्या क्लबातल्या बाईंना अजून तो शेवटचा गोल पासागणिक पाठ आहे, आणि सांगताना आवाज चढतो. पोर्टलीशनंतर त्यांनी आठवडाभर कोणाला नीट उत्तर दिलं नाही.

तरी सलग सहाचं माझं म्हणणं मी सोडत नाही.

किलार्नीकर
आणि मी ३९ चं.

सिस्टर_कासलबार
@नवखा_पुणेकर, तुम्ही नासला म्हणजे किल्डेअरमध्ये. तुम्हाला काउंटी निवडायची नाहीये, ती मिळालेलीच आहे. पांढरी जर्सी घ्या.

नवखा_पुणेकर
किल्डेअरचं काही मिरवण्यासारखं आहे का? इतका वेळ कोणी नावही घेतलं नाही.

क्रीडाकीडा
आहे की! १९२८ ला सॅम मॅग्वायर चषक पहिल्यांदा दिला गेला तो किल्डेअरला. तेव्हापासून परत आला नाही, पण पहिलं नाव तुमचंच.

त्याहून मोठी गोष्ट २०१८ ची. मेयोविरुद्धचा सामना किल्डेअरच्या घरच्या मैदानावर, न्यूब्रिजला होणार असं ड्रॉमध्ये ठरलं. मग वरून आदेश आला की मैदान लहान आहे, क्रोक पार्कात खेळा. किल्डेअरने सांगितलं, न्यूब्रिज नाहीतर कुठेच नाही. सामना सोडून द्यावा लागला तरी चालेल. आख्ख्या देशातल्या लहान काउंट्या त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. शेवटी वरच्यांनी माघार घेतली, सामना न्यूब्रिजलाच झाला, आणि किल्डेअरने मेयोला दोन पॉइंटनी हरवलं.

सिस्टर_कासलबार
हो, तेही आम्हीच.

नवखा_पुणेकर
ठरलं मग. न्यूब्रिज माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. लीगचे सामने जानेवारीअखेर सुरू होतात ना? तिकीट गेटवर मिळतं का?

क्रीडाकीडा
ऑनलाइन काढून ठेवा, गेटवर अवलंबून राहू नका. आणि टोपी, हातमोजे घ्या. जानेवारीतला पाऊस तिथे आडवा येतो.

कॉर्ककर
कॉर्क आलं न्यूब्रिजला तर मी येतोच. विरुद्ध बाजूला बसेन.